‘लॅबिरिंथ’ ऐकलाय का? ट्रान्सच्या ठेक्यावर जगभरचे सूर

अनवट_सूर

चित्रपट संपला होता, दिवे लागले होते, लोक दाराकडे निघाले होते आणि पडद्यावर नावं सरकत होती. तेवढ्यात आलापासारखा एक आवाज कानावर आला. मागून तालवाद्यं, मग ट्रान्स या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची किक, म्हणजे ढोलाचा एकसारखा जड ठोका, आणि त्या सगळ्यावर मोठ्या समूहाने म्हटलेलं ‘असतो मा सद्गमय’. मी खुर्चीतून उठलोच नाही. हा ‘मॅट्रिक्स रेव्होल्यूशन्स’, साल २००३. जे वाजत होतं त्याचं नाव ‘नवरस’. जूनो रिॲक्टर आणि संगीतकार डॉन डेव्हिस यांनी मिळून केलेला हा ट्रॅक. पुढच्याच वर्षी जूनो रिॲक्टरचा ‘लॅबिरिंथ’ हा अल्बम आला आणि त्यात शेवटचा, नववा ट्रॅक म्हणून ‘नवरस’ होता.

इतक्या वर्षांनी हा अल्बम पुन्हा सलग ऐकायला घेतलाय. सुटे ट्रॅक नाहीत, पहिल्यापासून नवव्यापर्यंत, मध्ये न थांबता. आणि सलग ऐकल्यावर तो मला वेगळाच दिसायला लागला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: जूनो रिॲक्टर म्हणजे मुख्यतः बेन वॉटकिन्स हा ब्रिटिश संगीतकार. बाकीची माणसं प्रत्येक अल्बमला बदलतात. पहिला अल्बम ‘ट्रान्समिशन्स’ १९९३ चा, तिथून गोवा ट्रान्सच्या लाटेत नाव झालं. पण वॉटकिन्स त्या लाटेत राहिला नाही. १९९७ च्या ‘बायबल ऑफ ड्रीम्स’मध्ये दक्षिण आफ्रिकेतला ‘अमाम्पोंडो’ हा तालवादकांचा गट आहे, नताशा ॲटलस या गायिकेचा आवाज आहे. २००० च्या ‘शांगो’मध्ये ‘पिस्तोलेरो’साठी स्टीव्ह स्टीव्हन्सची गिटार आहे. ‘लॅबिरिंथ’मध्ये तैको म्हणजे जपानी ढोल आहेत, स्पॅनिश वळणाची गिटार आहे, ऑर्केस्ट्रा आहे आणि संस्कृत आहे.

‘कॉन्किस्टादोर’चे दोन भाग करून त्याने सुरुवातीलाच ऐकणाऱ्याची परीक्षा घेतली आहे. पहिला भाग संथ. ट्रान्स ऐकायला बसलेला माणूस वाट बघत राहतो, किक येत नाही. दुसऱ्या भागात ती येते तेव्हा गिटार आधीच आपल्या ओळखीची झालेली असते, त्यामुळे ती ठेक्यावर चिकटवल्यासारखी वाटत नाही. ‘मोना लिसा ओव्हरड्राइव्ह’बद्दल तर मी तासभर बोलू शकेन. ‘जायंट’ आणि ‘वॉर डॉग्ज’ मला तितके भिडले नाहीत. तिथे आवाज मोठा आहे, पण तो कशासाठी मोठा आहे ते कळत नाही. ‘एंजल्स अँड मेन’ने सगळं शांत होतं आणि मग ‘नवरस’.

मला विचारायचं आहे ते एवढंच: ट्रान्समध्ये दुसऱ्या देशातला आवाज येतो तेव्हा तो पाहुण्यासारखा कडेला बसतो की घरात वावरतो? ‘लॅबिरिंथ’मध्ये तुम्हाला काय वाटलं?

ठेका_सोळा

लेख आवडला. तबला वाजवतो, म्हणून लयीच्या बाजूने बोलतो.

ट्रान्सचा पाया सोपा आहे. चार मात्रा, प्रत्येक मात्रेवर किकचा सारखाच ठोका. प्रत्येक मात्रेचे चार भाग केले की सोळा घरं होतात. पहिल्या घरात किक आणि उरलेल्या तीन घरांत बास, हे तर त्या घोड्याच्या टापांसारख्या चालीचं गुपित. गोवा ट्रान्सच्या धाटणीत मिनिटाला साधारण १४० ते १५० ठोके पडतात.

आता आपला त्रितालही सोळा मात्रांचा, चार-चारचे चार विभाग. कागदावर अगदी जुळतो. म्हणूनच ट्रान्सवर तबल्याचा लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा) टाकला की लगेच बसतो आणि लोक खूश होतात. पण त्रितालात नवव्या मात्रेला ‘खाली’ आहे. तिथे डग्ग्याचा घुमारा थांबतो, तबलजीचा हात हलका होतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की आता आपण समेकडे, म्हणजे पहिल्या मात्रेकडे, परत निघालोय. ट्रान्सच्या किकला खाली नाही. तिची प्रत्येक मात्रा भरीच. त्यामुळे दुसरं कुठलंही संगीत ट्रान्समध्ये आलं की सगळ्यात आधी मरते ती खाली. सूर राहतात, वाद्याचा रंग राहतो, पण त्या संगीताचा श्वास जातो.

स्पेनच्या फ्लामेंको संगीताचं उदाहरण घ्या. त्यात बुलेरियास नावाचा प्रकार बारा मात्रांचा आहे आणि जोर पडतो बारा, तीन, सहा, आठ, दहा या मात्रांवर. हे ट्रान्सच्या किकवर बसवून बघा, बसणार नाही. म्हणून इलेक्ट्रॉनिकवाले बहुतेक वेळा रुम्बा या दुसऱ्या प्रकाराकडे जातात, ती चारचीच. ‘कॉन्किस्टादोर’मधली गिटारही चारमध्येच चालते. वाजवणाऱ्याचा हात उत्तम आहे, पण फ्लामेंकोतली ती लंगडत, अडखळत पुढे झेपावणारी लय तिथे नाही. मला तिची आठवण येत राहिली.

तैकोचं मात्र उलट झालंय. जपानी संगीतात दोन आवाजांमधल्या रिकाम्या जागेला ‘मा’ म्हणतात आणि ती जागा आवाजाइतकीच मोलाची मानतात. ‘मोना लिसा ओव्हरड्राइव्ह’मध्ये तैको पुढे येतात तेव्हा त्या मोठ्या ढोलाचा घुमारा विरेपर्यंत थांबल्यासारखं वाटतं. किक परत येते तेव्हा ती लादलेली वाटत नाही. माझ्या मते संपूर्ण अल्बममध्ये खरा मेळ इथे आहे, ‘नवरस’मध्ये नाही.

रानजाई

मी थोडं विरुद्ध बोलणार आहे, राग मानू नका.

हा अल्बम मला एखाद्या मोठ्या चित्रपटाच्या जाहिरातीसारखा वाटतो. स्पेन हवं, घ्या गिटार. जपान हवं, घ्या ढोल. गूढ काहीतरी हवं, घ्या संस्कृत. प्रत्येक ठिकाणचं सगळ्यात ओळखीचं चित्र उचललंय. स्पेन म्हटल्यावर गिटारखेरीज काही आठवतच नाही का? आणि संस्कृत गाणाऱ्या समूहाला आपण काय म्हणतोय हे कळत असेल असं मला एकदाही जाणवलं नाही. शब्दांचे तुकडे चुकीच्या जागी पडतात. ज्याला भाषा येत नाही त्याच्यासाठी ते ‘भारदस्त ध्वनी’ आहेत. मला ती भाषा कळते, म्हणून मला ते टोचतं.

‘नवरस’ हे नावही तसंच. नऊ रस म्हणायचं आणि द्यायचा एकच, वीर. फार तर त्यात थोडा रौद्र.

अनवट_सूर

रानजाई, राग कसला, असंच मोकळं लिहा. उच्चारांबद्दल तुमचं पटतं. मलाही ‘गमय’ ऐकताना दर वेळी थोडं अडखळायला होतं. पण ‘एकच रस’ हे नाही पटलं. शेवटची दोन मिनिटं पुन्हा ऐकून सांगाल?

जुनी_पाठशाला

संस्कृत शिकवते, म्हणून दोन गोष्टी सांगते.

हा मंत्र बृहदारण्यक उपनिषदातला आहे (१.३.२८). आपण प्रार्थनेत म्हणतो ती तिसरी ओळ पुष्कळजण ‘मृत्योर्मा अमृतं गमय’ अशी तोडून म्हणतात. मुळात संधी होऊन ‘मृत्योर्मामृतं गमय’ आहे. रानजाई म्हणतात तशी तोडफोड समूहगायनात झाली आहे हे खरं, पण ती फक्त परक्यांचीच खोड नाही. आपल्याकडच्या प्रार्थनेतही ती सर्रास होते.

आणि संदर्भ असा की यज्ञात सामगान, म्हणजे सामवेदाचं गायन, चालू असताना यजमानाने (यज्ञ करवणाऱ्याने) या तीन ओळी जपायच्या आहेत. म्हणजे दुसरा कोणी गातो आहे आणि त्या गाण्याच्या आतून एक माणूस हळूच मागणं मागतो आहे. ‘नवरस’ची रचना ऐकताना मला हे आठवलं. खाली प्रचंड काहीतरी चालू आहे आणि वर हे मागणं आहे. वॉटकिन्सला हा संदर्भ ठाऊक असेल असं माझं म्हणणं नाही, पण जुळून आलंय खरं.

आता रसांबद्दल. भरताच्या नाट्यशास्त्रात रस आठच आहेत: शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स, अद्भुत. नववा शांत मागाहून जोडला गेला आणि त्याची खंबीर बाजू मांडली ती अभिनवगुप्ताने. शांत हा इतर आठांच्या रांगेतला आणखी एक नाही, बाकीचे सगळे ज्यातून उठतात आणि ज्यात परत विरतात तो शांत, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे ‘नवरस’ म्हणजे नऊ वेगवेगळे तुकडे दिले पाहिजेत असं नाही. इतका गोंगाट करून झाल्यावर ऐकणारा शांत झाला का, एवढंच विचारायचं. मी झाले.

विरामचिन्ह

पाठशालाताई, शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं.

कॅसेटवाला

वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा असावा, म्हणून थोडं मागे जातो. ‘लॅबिरिंथ’ कुठल्या वळणावर येतो ते मागचं कळल्याशिवाय कळणार नाही.

१९९२ साली एरिक मुके आणि मिशेल सांचेझ या दोघा फ्रेंच संगीतकारांनी ‘डीप फॉरेस्ट’ हा अल्बम काढला. त्यातलं ‘स्वीट लल्लबाय’ जगभर वाजलं. अल्बमभर मध्य आफ्रिकेतल्या पिग्मी लोकांचा बोलबाला होता, त्यामुळे हा आवाजही तिथलाच असं लोकांनी धरून चाललं. प्रत्यक्षात ते गाणं आफ्रिकेतलं नव्हतंच. ते सॉलोमन बेटांतल्या मलाइता बेटावरचं, ‘रोरोग्वेला’ नावाचं अंगाईगीत. गाणाऱ्या बाईचं नाव अफुनाक्वा. १९७० च्या सुमारास ह्युगो झेम्प या संगीत-अभ्यासकाने ते ध्वनिमुद्रित केलं होतं आणि युनेस्कोच्या संग्रहात ते प्रसिद्ध झालं होतं. पुढे झेम्पने या वापराविरुद्ध जाहीरपणे लिहिलं. आणि गैरसमज एवढा मुरला होता की यान गार्बारेकसारख्या मोठ्या सॅक्सोफोनवादकाने १९९६ च्या अल्बममध्ये तीच चाल वाजवली तेव्हा तिला ‘पिग्मी लल्लबाय’ असं नाव दिलं.

दुसरं उदाहरण मिखाएल क्रेटूच्या ‘एनिग्मा’ या संगीत-प्रकल्पाचं. गाणं ‘रिटर्न टू इनोसन्स’. त्यात सुरुवातीला जो आवाज आहे तो तैवानमधल्या आमीस जमातीच्या दिफांग आणि त्याची बायको इगाय यांचा. ती दोघं १९८८ मध्ये फ्रान्समध्ये गायली होती, तिथे झालेलं मुद्रण पुढे प्रसिद्ध झालं आणि तिथून आवाज उचलला गेला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रसिद्धीत ते गाणं वाजलं. त्या दोघांनी १९९८ मध्ये खटला भरला आणि पुढच्या वर्षी तो न्यायालयाबाहेर मिटला. त्यांना श्रेय मिळालं.

ही गाणी वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. ‘रिटर्न टू इनोसन्स’ने मला त्या काळात फार सांभाळलंय. पण आवाज कापून आणायचा, खाली ठेका घालायचा आणि माणूस मागेच सोडायचा, ही त्या दशकाची रीत होती. जूनो रिॲक्टरने वेगळं काय केलं? त्याने माणसांना सोबत घेतलं. अमाम्पोंडो हा गट डिझू प्लाटजीस यांनी १९७९ मध्ये केपटाउनजवळच्या लांगा वस्तीत उभा केला. त्यातले माबी थोबेजाने वॉटकिन्सबरोबर रेकॉर्डिंगलाही होते आणि मंचावरही. त्याच्याबरोबर तैको वाजवले ते टोकियोच्या ‘गोकू’ या गटाने, काओली असानो यांच्या. ‘मॅट्रिक्स रीलोडेड’च्या साउंडट्रॅकवरच्या ‘टीहाउस’ या ट्रॅकवर जूनो रिॲक्टरसोबत त्यांचंही नाव छापलेलं आहे.

माझ्या कानाला हा फरक ऐकू येतो. कापून आणलेला आवाज प्रत्येक फेरीला तंतोतंत तसाच येतो. समोर बसलेला माणूस चौथ्या फेरीला थोडा जास्त जोर लावतो.

ठेका_सोळा

कॅसेटवाला काका, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. यालाच आम्ही ‘हात गरम होणं’ म्हणतो. लूपचा हात कधी गरम होत नाही.

जाता जाता: ज्यांनी ‘बायबल ऑफ ड्रीम्स’मधलं ‘काँगा फ्युरी’ ऐकलं नसेल त्यांनी आजच ऐका. आफ्रिकेतल्या अनेक वादनपरंपरांत दोनवर तीन असा पेच कायम चालू असतो. एक हात दोनच्या चालीत, दुसरा तीनच्या. किकने दोन धरले की ढोल तीनने तिला चिमटे काढतात. मी वर म्हटलं की किक ‘खाली’ला मारून टाकते. पण असा पेच टाकणारा वादक भेटला तर तो किकलाही जिवंत राहायला लावतो, हे मला ‘काँगा फ्युरी’ने शिकवलं.

रात्रीचा_प्रवासी

मला ताल-रागातलं काही कळत नाही. रात्रपाळी करतो, पहाटे परतताना हेडफोन लावून ऐकतो. तुम्ही सगळे ‘नवरस’ आणि ‘मोना लिसा’बद्दल बोलताय, मला आवडतं ते त्याच अल्बममधलं ‘झ्वारा’. का ते सांगता येणार नाही. दमून आलेल्या माणसाला पुढे ढकलणारं काहीतरी त्यात आहे.

ट्रान्सबद्दल लोक म्हणतात तेच-तेच वाजत राहतं. पण मला ते तेच-तेच हवं असतं. डोक्यात दिवसभराचं जे फिरत असतं ते त्या ठेक्याला धरून हळूहळू एका रांगेत येतं. मग मध्येच किक थांबते, कुणाचा तरी अनोळखी भाषेतला आवाज येतो आणि एकदम उजाडल्यासारखं वाटतं. भाषा कळत नाही याचंच बरं वाटतं मला. कळली असती तर मी शब्दांच्या मागे गेलो असतो. हे चुकीचं असेल तर सांगा.

जुनी_पाठशाला

चुकीचं कशाला? तुम्ही फार नेमकं सांगितलंत. मला मात्र तसं ऐकता येत नाही. शब्द कळला की मन त्याच्याकडे जातंच. म्हणून मला ‘नवरस’मध्ये जे मिळतं ते तुम्हाला ‘झ्वारा’मध्ये मिळत असावं.

रानजाई

शेवटची दोन मिनिटं ऐकली. तीनदा ऐकली. मान्य करते, तिथे वीर उरत नाही. आधी एवढा आवेश होता म्हणूनच तो ओसरल्याचं जाणवतं. पाठशालाताईंचं शांतरसाचं म्हणणं डोक्यात ठेवून ऐकल्यावर ते नाव आता मला उगाच ठेवलेलं वाटत नाही.

पण कॅसेटवाल्यांच्या मुद्द्यावर मी एवढ्यात समाधानी नाही. सोबत बसवलं, नाव छापलं, ठीक. ते व्हायलाच हवं होतं. पण अल्बम कुणाचा? ट्रॅक किती लांब, ढोल कधी थांबायचे, कुठला भाग ठेवायचा आणि कुठला टाकायचा हे कोण ठरवतं? मिक्सिंगच्या टेबलापाशी जो बसतो तोच. गोकूने आपल्या मनाने अर्धा तास वाजवलं असतं तर त्यात जे घडलं असतं ते इथे घडणार नाही, कारण इथे तैकोंना कुणाच्या तरी पाठलागाच्या प्रसंगात बसायचं आहे. ‘मोना लिसा ओव्हरड्राइव्ह’ मुळात ‘मॅट्रिक्स रीलोडेड’मधल्या महामार्गावरच्या पाठलागासाठीच आहे. त्यामुळे ‘लॅबिरिंथ’ ऐकून तैको कळले असं कुणी समजू नये. तैकोची फक्त ओळख होते. पुढे आपणच चालत जायचं.

माझी खरी तक्रार वॉटकिन्सपेक्षा ऐकणाऱ्यांवर आहे, त्यात मीही आले. किती जण त्या ओळखीवरून पुढे गेले?

कॅसेटवाला

हा प्रश्न मला लागला. मी गेलो नव्हतो. अमाम्पोंडोचं स्वतःचं वादन मी ‘बायबल ऑफ ड्रीम्स’नंतर कितीतरी वर्षांनी ऐकलं. मरिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचं वादन आणि वर गाणं. ट्रान्समधून त्यांना ओळखणाऱ्याला ती माणसं वेगळीच वाटतील, इतकी निवांत आणि हसरी.

‘वर्ल्ड म्युझिक’ या शब्दाबद्दलही सांगतो, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या एका पबमध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं बसली. अडचण साधी होती: माली, बल्गेरिया, पाकिस्तान इथल्या रेकॉर्डी दुकानात कुठल्या कप्प्यात ठेवायच्या? त्या कप्प्यासाठी त्यांनी हे नाव पक्कं केलं. संगीताचा प्रकार म्हणून कुणी त्याची व्याख्या केलेलीच नाही. आणि ग्रॅमीवाल्यांनी २०२० मध्ये आपल्या पुरस्कारातून तो शब्द काढून ‘ग्लोबल’ केला. कप्प्याची पाटी बदलली, कप्पा तोच.

ठेका_सोळा

म्हणजे लंडनमध्ये राहणाऱ्याने वाजवलं तर इलेक्ट्रॉनिक आणि लांगात राहणाऱ्याने वाजवलं तर ‘वर्ल्ड’. एकाच ट्रॅकमध्ये दोघं असले तरी. हे मला फार खुपतं. तबला घेऊन बसलेल्या माणसाला कुणी ‘जागतिक वादक’ म्हटलं तर तो म्हणेल, अहो, मी तबला वाजवतो.

विरामचिन्ह

‘लॅबिरिंथ’ आवडला, आता पुढे काय ऐकू? कुणी सांगेल का? खूप मोठी यादी नको, दोन-तीनच.

अनवट_सूर

माझ्याकडून दोन.

पहिला, शपाँगलचा ‘आर यू शपाँगल्ड?’, १९९८. सायमन पॉसफर्ड आणि राजा राम या दोघांचा. राजा राम हे मंचावरचं नाव, माणूस मूळचा ऑस्ट्रेलियाचा, बासरीवादक. ही जोडी जमली ती भारतात पाहिलेल्या खग्रास सूर्यग्रहणानंतर. त्या ग्रहणाला ध्वनीत कसं धरायचं या ध्यासातून अल्बमचा शेवटचा, जवळजवळ वीस मिनिटांचा ट्रॅक झाला. त्याच्या नावातच दिवसाची रात्र झाल्याचं म्हटलंय. हा अल्बम ‘लॅबिरिंथ’पेक्षा खूप संथ आहे, नाचण्यापेक्षा आडवं पडून ऐकण्याचा. बासरीवर श्वासाचा आवाजसुद्धा ठेवलाय, पुसून टाकलेला नाही. मला ते फार आवडतं.

दुसरा ट्रान्स नाहीच, पण या चर्चेत त्याचं नाव यायला हवं: तबलावादक तलविन सिंगचा ‘ओके’. १९९८ मध्ये आला, १९९९ चा ब्रिटनमधला मर्क्युरी पुरस्कार त्याला मिळाला. ठेका_सोळा, हा तुम्ही ऐकलाच असेल. इथे तबला सजावटीला आणलेला नाही. यंत्रातला ठेका तबल्याच्या बोलांसारखा फुटतो, म्हणजे उलट दिशेने प्रवास झालाय.

ठेका_सोळा

ऐकलाय! आणि ‘उलट दिशेने’ हे अगदी बरोबर. ड्रम अँड बेस या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या दुसऱ्या प्रकारात ठोके तुटक असतात, प्रत्येक मात्रेवर किक बसलेली नसते. त्यामुळे तबल्याला त्यात पाय ठेवायला जागा मिळते. ट्रान्समध्ये ती जागा मागून घ्यावी लागते.

अनवट_सूर

काल एक गोष्ट घडली, ती सांगतो.

कॅसेटवाल्यांनी ‘रोरोग्वेला’बद्दल लिहिलं म्हणून मी मूळ मुद्रण शोधून लावलं. खाली ठेका नाही, सिंथ नाही, फक्त अफुनाक्वाचा आवाज. आई शेजारच्या खोलीत होती. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “ही बाळाला झोपवतेय, पण हिला स्वतःलाच रडू येतंय.”

मग मी अर्थ शोधला. गाण्यात एक मूल आपल्या धाकट्या भावंडाला सांगतंय की रडू नकोस, रडलास तर तुला कडेवर कोण घेणार? बाप गेला आहे. आपण दोघंही पोरके. ‘डीप फॉरेस्ट’चं गाणं मी तीस वर्षं ऐकतोय आणि मला ते नेहमी प्रसन्न, मोकळ्या माळरानासारखं वाटत आलं. ठेका घातल्यावर सूर तेच राहिले आणि रडणं निघून गेलं.

मग तसंच बसून ‘नवरस’ लावलं, आईला ऐकवायला. ‘तमसो मा’ आल्यावर तिने मान हलवली. किक आली तेव्हा म्हणाली आवाज थोडा कमी कर. पण उठली नाही, शेवटपर्यंत बसली.

रानजाई

पोरकेपणाचं माहीत नव्हतं. आता ते गाणं पूर्वीसारखं ऐकता येणार नाही.

मी या आठवड्यात गोकूचं स्वतःचं वादन ऐकतेय, दुसऱ्या कुणाचं काही न मिसळलेलं. सुरुवातीला किकची वाट पाहत होते, सवयीने. दहा-बारा मिनिटांनी ती वाट पाहणं बंद झालं. ठेका_सोळा, तुम्ही ‘मा’बद्दल लिहिलं होतं ना, ती रिकामी जागा इथे फार मोठी आहे. कधीकधी वाटतं, आता संपलं. आणि मग कुणीतरी काठी उचलतं.

ठेका_सोळा

त्यातला सगळ्यात मोठा ढोल असतो ना, त्यावरचा ठोका कानापेक्षा पोटात जास्त जाणवतो. हेडफोनवर निम्मं हरवतं, जमलं तर चांगल्या स्पीकरवर ऐका. आणि त्यानंतर लगेच ‘मोना लिसा ओव्हरड्राइव्ह’ लावून बघा. मला कालच कळलं की किक थांबते त्या जागी मी आजवर नुसती ती परत यायची वाट पाहत होतो. काल पहिल्यांदा तैको ऐकले.